२०५० ची भीती आणि ३१ मेची तारीख

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी एका कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलं, की २०५० पर्यंत दक्षिण मुंबईतल्या ए, बी, सी आणि डी वॉर्डांचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याखाली जाईल. नरिमन पॉइंट आणि मंत्रालयाचा परिसर तर ८० टक्के. कार्यक्रम होता मुंबईच्या हवामान कृती आराखड्याच्या वेबसाइटच्या उद्घाटनाचा.

आता जरा विचार करा. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लिहिलं, की आपली बिल्डिंग अमुक साली पडणार आहे, तर त्या रात्री काय होईल? तातडीची मीटिंग, आरडाओरडा, स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी, मागच्या कमिटीचा उद्धार. इथे शहराच्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याने खुद्द मंत्रालय बुडणार म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी? पेपरात हेडलाइन आली. ग्रुपांवर फॉरवर्ड आले. त्याखाली रडके चेहरे, हसरे चेहरे, हात जोडलेले चेहरे आले. आणि मग ज्यांना लोकलचा पास मिळत होता (तेव्हा दोन डोसांशिवाय मिळत नव्हता) ते सगळे चर्चगेट फास्ट पकडून त्याच बुडणाऱ्या दक्षिण मुंबईत कामाला गेले.

पुढची गंमत ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नरिमन पॉइंटला साधारण चार एकरांचा भूखंड सुमारे ३,४७२ कोटी रुपयांना विकत घेतला. देशाची तिजोरी सांभाळणारी बँक! पंचवीस वर्षांत ८० टक्के बुडणाऱ्या जागेत!!

म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर या भाकितावर कोणाचा काडीचाही विश्वास नाही. किंवा विश्वास आहे, पण त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळे आपापल्या कामाला लागलेत. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते, आणि माझं भांडण तिच्याशीच आहे. पर्यावरणाच्या नावाखाली वीस-पंचवीस वर्षं जी घाबरवाघाबरवी चाललीये, तिच्यामुळे लोक जागे झालेले नाहीत. बधिर झालेत. आणि ज्यांनी कामं करायची त्यांना ही बधिरता फार सोयीची आहे.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी मला लगेच तेल कंपनीचा माणूस ठरवेल. हवामान बदलतंय. समुद्राची पातळी वाढतेय. पाऊस पूर्वीसारखा पडत नाही. याबद्दल माझा कसलाही वाद नाही. वाद आहे तो ही गोष्ट आपल्याला ज्या पद्धतीने सांगितली जाते त्याच्याशी.

ते बुडालेल्या मुंबईचे नकाशे आठवतात? बरेचसे ऑक्टोबर २०१९ मधले. क्लायमेट सेंट्रल या अमेरिकन संस्थेच्या स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्राउस या दोघांचा निबंध नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला होता. आपल्यासारख्या लोकांना तो निबंध खरं तर आवडायला हवा, कारण तो मुळात एक बगफिक्स आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीच्या उंचीचा जो उपग्रही डेटा जगभर वापरला जायचा, त्यात इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडेसुद्धा जमीन म्हणून मोजले गेले होते. साहजिकच दाट वस्तीची शहरं होती त्यापेक्षा उंच दिसायची. या दोघांनी ती चूक दुरुस्त केली आणि लक्षात आलं की सखल भागात राहणारी माणसं आपण समजत होतो त्याच्या काही पट आहेत. समुद्र अचानक वेगाने वाढायला लागला असं त्यांनी म्हटलेलंच नाही. जमीन समजुतीपेक्षा खाली निघाली, एवढंच. शिवाय समुद्राला अडवणाऱ्या भिंती, बांध यांचा हिशोब त्यात धरलेला नाही, हेही त्यांनी लिहिलेलं आहे. फोनपर्यंत पोचेपोचेपर्यंत यातलं काय शिल्लक राहिलं? निळ्या रंगात बुडालेलं शहर आणि खाली '२०५०'. बास.

आता ही भीती काय करते बघा. भीतीने माणूस नुसता गारठून बसतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. भीती माणसाला भरपूर कामाला लावते, फक्त भलत्याच कामाला. माझी भाची पाचवीत होती तेव्हा शाळेत 'पृथ्वी वाचवा' या विषयावर चित्रं काढायची होती. तिने रडणारी पृथ्वी काढली, कपाळावर पट्टी, तोंडात थर्मामीटर. (ही पृथ्वी गेली कित्येक वर्षं प्रत्येक शाळेत आजारीच आहे.) रंगवता रंगवता मला विचारलं, "मामा, आपण सातव्या मजल्यावर आहोत ना? मग आपण नाही ना बुडणार?"

मी हसलो, पण मग वाटलं, मोठी माणसं तरी वेगळं काय करतायत? हवा खराब झाली, एअर प्युरिफायर घ्या. पाणी खराब झालं, मोठा फिल्टर घ्या. उकाडा वाढला, दुसऱ्या बेडरूमलाही एसी लावा. मुंबई बुडणार म्हणतात, पुण्यात फ्लॅट बघून ठेवा. आणखी थोडी ऐपत असेल तर कॅनडाचे फॉर्म भरा. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पर्यावरणाची चर्चा हमखास या वळणावर येते. सगळे आपापला सातवा मजला शोधत असतात.

याला मानसशास्त्रात बरंच जुनं स्पष्टीकरण आहे. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलं, की धोक्याचा निरोप ऐकला की माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. धोका केवढा आहे? आणि मला त्याचं काही करता येईल का? पहिल्याचं उत्तर 'प्रचंड' आणि दुसऱ्याचं 'छे, काहीच नाही' असं आलं, की माणूस धोक्याचा बंदोबस्त करणं सोडून देतो आणि भीतीचा बंदोबस्त करायला लागतो. म्हणजे बातमी स्क्रोल करून पुढे जातो, जोक मारतो, 'हे सगळं अमेरिकेचं कारस्थान आहे' म्हणतो, किंवा प्युरिफायर घेतो.

त्याही आधीचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९६५ चा, येल विद्यापीठातला, हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावायचं होतं. काहींना अंगावर काटा येईल असं पत्रक दिलं, काहींना सौम्य. घाबरवलेल्या मुलांनी 'लस महत्त्वाची आहे, आम्ही घेणार' असं जोरात सांगितलं. आणि प्रत्यक्षात घ्यायला गेले किती? ३ टक्के वगैरे. मग ज्या मुलांच्या पत्रकात आरोग्य केंद्राचा नकाशा होता, आणि आपल्या वेळापत्रकात बघून तिथे कधी जायचं ते ठरवा असं लिहिलं होतं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. पत्रक भयानक होतं की सौम्य, याने काही फरक पडला नाही. लक्षात घ्या, ती सगळी मुलं तिथेच शिकत होती, आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना बहुधा माहीतच होतं! बरं, भीती अजिबात नको असंही नाही. ज्यांना नुसता नकाशा दिला आणि धनुर्वाताबद्दल काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातलं कोणीच गेलं नाही. म्हणजे भाजीत मीठ लागतं. आपण मात्र पातेलंभर मीठ वाढतोय आणि भाजी टाकायलाच विसरलोय.

ऑन-कॉल ड्यूटी केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. रात्री तीन वाजता फोन किंचाळतो, स्क्रीनवर लाल अक्षरात 'क्रिटिकल' दिसतं, आणि काय करायचं याची रनबुकच नाही. असा अलर्ट तिसऱ्यांदा आला की आपण काय करतो? म्यूट. आणि असला अलर्ट लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चार शब्द सुनावतो. मग '२०५० मध्ये मुंबई बुडणार' हा अलर्ट लिहिणाऱ्याला आपण द्रष्टा का समजतो?

"हे सगळं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचं झालं हो, आपल्या लोकांचं वेगळं असतं" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच उपनगरातलं उदाहरण आहे. बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या लोकांना ते आठवत असेल. बिबट्या.

२००४ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यांत डझनाहून जास्त माणसं मेली, त्यातली बरीचशी एकट्या जून महिन्यात. त्या वेळच्या बातम्यांत 'दहशत', 'थैमान', 'नरभक्षक' याखेरीज शब्द नव्हते. भीतीला काही कमी नव्हती. त्या भीतीने काय करवलं? पिंजरे लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. जंगलात खायला मिळत नसेल म्हणून आत डुकरं आणि ससे सोडण्याचाही प्रयोग झाला. बिबट्या दिसला की शे-दोनशेचा जमाव, दगड, आरडाओरडा, आणि त्यात बिथरलेलं जनावर. नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांची मागणी एकच, पिंजरा. कारण पिंजरा दिसतो. काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आणि पिंजऱ्याने हल्ले कमी होत नव्हते. जुन्नर वनविभागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तर उलटंच दिसलं. बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा धडाका सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले होते. कारणही समजण्यासारखं आहे. एका ठिकाणी मुरलेला बिबट्या माणसांना टाळून कसं राहायचं ते शिकलेला असतो. त्याला उचललं की त्याची जागा एखादा तरणा, अनोळखी बिबट्या घेतो, आणि उचललेला बिचारा परक्या मुलखात सैरभैर होतो.

२०११ मध्ये वनखातं, संशोधक आणि मुंबईतल्या काही नागरिकांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' नावाचा उपक्रम सुरू केला. सुनील लिमये तेव्हा उद्यानाचे संचालक होते. मला या उपक्रमाबद्दल सगळ्यात काय आवडतं, तर त्यांनी 'बिबट्या निरुपद्रवी आहे हो, घाबरू नका' अशी थाप मारली नाही. धोका आहे हे मान्य केलं आणि मग पुढचं वाक्य सांगितलं, जे आपले पर्यावरणवाले कधीच सांगत नाहीत. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्रे येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. रात्री एकटे चालत असाल तर मोबाइलवर गाणी लावा, आवाज करत चला. पाड्यावर दिवे हवेत, संडास हवेत, कारण बाई-माणूस अंधारात झाडीकडे बसायला जातं तेव्हा हल्ला होतो. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याला जायला वाट द्या, वनखात्याला फोन करा. पत्रकारांबरोबरही बसले, की हल्ला झाला तर लिहा, पण नुसता बिबट्या दिसला म्हणजे 'हल्ला' होत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य वाचून माणूस उठून काहीतरी करू शकतो, हे लक्षात येतंय का? आणि काही वाक्यांचा पत्ता थेट महापालिका आहे. कचरा उचला, दिवे लावा, संडास बांधा. म्हणजे बिबट्याची भीती होती ती वॉर्ड ऑफिसच्या कामांची यादी झाली.

पुढची काही वर्षं हल्ले जवळजवळ थांबले. आणि बिबटे? २०१५ च्या गणनेत ३५ होते, २०१८ च्या गणनेत ४७. जनावरं वाढली आणि हल्ले कमी झाले! सगळं श्रेय एका मोहिमेला देता येणार नाही, आणि गोष्ट सुखान्त वगैरेही नाही. २०१७ मध्ये, मग २०२१ मध्ये आरेत परत हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत आरेतच एक तान्ही मुलगी गेली. पण तेव्हासुद्धा अंधार, कचरा, झाडी आणि रस्त्यावरचे दिवे यांची चर्चा झाली, जी २००४ मध्ये कुठे ऐकू येत नव्हती. आमच्याकडे जंगलाच्या बाजूला राहणारे लोक आता 'काल आला होता' असं शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

आरेचा विषय निघालाच आहे तर अजून एक. बुडालेल्या मुंबईचा तो नकाशा ज्या महिन्यात आला, त्याच ऑक्टोबर २०१९ मध्ये, ४ तारखेला उच्च न्यायालयाने मेट्रो-३ च्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. बातमी पसरली तशी पोरं-पोरी मध्यरात्री तिथे धावत गेली. २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तुमचं कारशेडबद्दलचं मत काहीही असो (मेट्रो मलाही हवीच होती, आता वापरतोही), पण प्रश्न असा आहे, की दोन हजार झाडांसाठी माणसं अर्ध्या रात्री घराबाहेर पडतात आणि चार वॉर्ड बुडणार म्हटल्यावर एक माणूस अर्ज घेऊनही कुठे जात नाही, हे कसं? कारण झाडांना आकडा होता, जागा होती, परवानगी देणारी वृक्ष प्राधिकरण नावाची कमिटी होती, तारीख होती. ती लढाई ते हरले असं म्हणा हवं तर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो आरेवरूनच सुरू झाली. पण मधल्या काळात, २०२० मध्ये, आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव जंगल म्हणून जाहीर करावी लागली. बुडालेल्या मुंबईच्या नकाशाच्या खात्यावर असं काय जमा आहे?

आता सगळ्यात दमदार प्रतिवाद. "अरे, भीतीशिवाय हा देश हलत नाही. २६ जुलै झाला म्हणून तर सगळं झालं."

ठीक आहे, २६ जुलै घेऊ. २००५ चा तो दिवस. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम ७३. उपनगरवाल्यांना त्या दिवशीची भीती फॉरवर्डवर बघायला लागली नाही, छातीइतक्या पाण्यात मिळाली. त्यानंतर माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली, मिठीसाठी प्राधिकरण आलं, आणि ब्रिमस्टोवॅड नावाचा प्रकल्प धूळ झटकून बाहेर आला. झटकून म्हणतोय ते उगाच नाही. तो अहवाल १९९३ चा आहे! शहराची गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आहेत, ती ५० साठी करा, अमुक नाले रुंद करा, तमुक ठिकाणी पंप बसवा, असं सगळं बारा वर्षं आधी लिहून तयार होतं. म्हणजे २६ जुलैच्या भीतीने जे काही काम करवलं, ते कपाटात रनबुक तयार होती म्हणून. रनबुक नसती तर त्या भीतीचं पण श्रद्धांजलीचं होर्डिंग झालं असतं.

आणि त्या रनबुकचं तरी पुढे काय झालं? आठ पंपिंग स्टेशनं व्हायची होती. इर्ला आणि हाजी अलीची २०११ मध्ये सुरू झाली, बाकीची रडतखडत येत गेली. मोगरा आणि माहुल ही दोन राहिली. मोगरा म्हणजे आपल्या अंधेरीचं. २६ जुलैला २० वर्षं झाली त्या २०२५ च्या पावसाळ्यातही ते चालू नव्हतं. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतो आणि आपण त्याचे विनोदी व्हिडिओ बघतो.

मला सांगा, पालिकेत बसलेल्या माणसाला कुठली तारीख जास्त परवडते? २०५० की ३१ मे? ३१ मे ही नाल्यांतला गाळ काढून संपवायची दरवर्षीची मुदत. त्या दिवशी आकडा द्यावा लागतो, किती गाळ काढला, कुठे टाकला. १ जूनला कोणीही पुलावर उभं राहून खाली बघू शकतं. २०५० ला जाब द्यायला आजचा एकही आयुक्त, मंत्री किंवा कंत्राटदार त्या खुर्चीत नसणार. म्हणून तर २०५० बद्दल सगळे इतकं मोकळेपणाने बोलतात. आणि ३१ मेच्या गाळाचं म्हणाल, तर २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशाच्या कंत्राटांवरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. आरोप असा, की काढलेला गाळ बराचसा कागदावरच होता. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण समुद्र वाढून मुंबई बुडेल तेव्हा बुडेल, नाल्यातल्या गाळाने ती दर जुलैत बुडते आणि त्याचं बिलही निघतं, याची भीती वाटायला हवी की नको?

तो हवामान कृती आराखडा, ज्याच्या वेबसाइटपासून मी सुरुवात केली, तो १३ मार्च २०२२ ला जाहीर झाला. खरं सांगायचं तर आराखडा वाईट नाही. कचरा, हवा, पूर, इमारती, वाहतूक, हिरवाई, प्रत्येकाचं वेगळं प्रकरण आहे, करायच्या गोष्टी लिहिल्यात. पण महापालिकेची मुदत ७ मार्चला संपली होती! सहा दिवस आधी. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. आराखड्यातलं अमुक कलम आमच्या वॉर्डात कधी, हे सभागृहात विचारायला माणूसच नाही. आता या गोष्टीवर आपल्यापैकी किती जणांना धसका बसला? एकाने तरी फॉरवर्ड केलं? दुष्काळात तेरावा महिना तो हा, पण त्यात निळा नकाशा नव्हता ना.

हवेचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा दिल्लीच्या तोडीची झाली तेव्हा सगळीकडे एकच हिशोब, आज आपण किती सिगारेटी ओढल्या. हा हिशोब बर्कली अर्थ या संस्थेने २०१५ मध्ये मांडलेला आहे, हवेत दर घनमीटरमागे सुमारे २२ मायक्रोग्रॅम बारीक कण म्हणजे दिवसाला एक सिगारेट. समजायला झकास आहे, पण पुढे काय? सिगारेट सोडता येते, श्वास कसा सोडणार? त्याच महिन्यात पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले होते. ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर साइटभोवती निदान ३५ फूट उंच पत्रे. इमारतीला हिरवं कापड. पाण्याची फवारणी. बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवायची, डेब्रिज झाकून न्यायचं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, गल्लीगल्लीत पुनर्विकास चालू आहे, आणि नियम मोडलाय की नाही हे बघायला मशीन लागत नाही, डोळे पुरतात. सिगारेटींचा फॉरवर्ड मला त्या महिन्यात निदान चाळीस वेळा आला. नियमांचा एकदाही नाही.

२०२१ मध्ये द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये एक पाहणी आली होती, भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींची. त्यातल्या ७५ टक्क्यांना भविष्य भीतिदायक वाटत होतं आणि ५६ टक्क्यांना वाटत होतं की मानवजातीचं काही खरं नाही. ज्यांना वाटतं लोक अजून पुरेसे घाबरलेले नाहीत, त्यांनी हे आकडे परत एकदा वाचावेत. पोरं पुरेशी घाबरलीयेत. त्यांना पत्ता द्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने शेजारच्या ८४ वर्षांच्या आजोबांबरोबर कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा महासागरांचा अंत जवळ आलाय असं भाषण दिलं नव्हतं. रविवार, हातमोजे, अमुक ठिकाणी भेटा. हजारो पोरं गेली, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं निघालेली दिसली. (खाडीतून दर पावसाळ्यात नवा कचरा येतो तो कोणी अडवायचा, हा प्रश्न उरतोच. पण तो नीट विचारायलाही आधी गुडघाभर कचऱ्यात उभं राहावं लागतं.) घाटकोपरच्या जोशी लेनचं तर त्याहून जुनं आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करायला घेतला, आणि पालिकेची एएलएम योजना त्यातून उभी राहिली.

आमच्या गल्लीत सत्तर मीटरच्या वर जाणाऱ्या एका टॉवरचं काम चालू आहे. बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण विषय त्याचा नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी, त्यातल्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, पत्र्यांचे आणि ट्रकच्या चाकांचे फोटो काढायला सुरुवात केली, तारीख-वेळेसकट. १९१६ वर तक्रार, मग वॉर्ड ऑफिसात लेखी, मग नंबर घेऊन परत. बाई पोचपावती हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत, आम्हा दोघांना त्यांच्याकडून बरंच शिकता आलं. सहा-सात आठवड्यांनी गेटवर चाकं धुवायला पाइप आला. माती झाकून जायला लागली. फवारणी दुपारी होते, सकाळी नाही. पत्रे अजून वीसच्या वर गेलेले नाहीत. साइटवरच्या सुपरवायझरने 'मागवलेत' म्हणून सांगितलं त्याला आता दोन महिने झाले. मंगळवारी परत जाणार आहोत.